जुने लष्करी ट्रक पुन्हा रस्त्यावर आणताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे ट्रक म्हणताना पाऊण टनापासून पाच टनांपर्यंत माल उचलणारी, दुसऱ्या महायुद्धापासून शीतयुद्धाच्या अखेरीपर्यंत सैन्यांनी वापरलेली मालवाहू वाहनं डोळ्यांसमोर आहेत. रणगाडे आणि चिलखती गाड्यांचं गणित वेगळं. त्यांच्याबद्दल इथे काही नाही.

मी मेकॅनिक नाही. मला हे जमेल का?

जमेल. हे ट्रक आखतानाच ते पुढे कोण दुरुस्त करणार याचा विचार झालेला असतो. थोडंफार प्रशिक्षण घेतलेला एखादा पोरसवदा सैनिक, चिखलात उभा, हाताशी मोजके पाने आणि एक पुस्तक. त्याला जमलं पाहिजे हीच अट होती. म्हणून इंजिनाच्या आजूबाजूला हात घालायला जागा असते, बोल्ट मोठे आणि थोड्याच मापांचे असतात, आणि एका ट्रकचा भाग काढून त्याच जातीच्या दुसऱ्याला बसवता येतो.

लोक हरतात ते पसाऱ्यापुढे. हौसेने सगळं उघडतात, सुटे भाग डब्यांत टाकतात, डब्यांवर चिठ्ठी नाही, फोटो काढलेले नाहीत, आणि काही महिन्यांनी कुठला वॉशर कुठला हे देवालाही सांगता येत नाही. अर्धवट उघडलेले ट्रक विकायला निघतात ते बहुतेक याच वाटेने. एका वेळी एकच विभाग उघडा, तो पूर्ण करून परत बसवा, मगच पुढच्याला हात लावा. अख्खा ट्रक चेसिसपर्यंत उघडायची हौस पहिल्या ट्रकवर भागवू नका.

पहिला ट्रक कोणता घ्यावा?

जो भरपूर बनला तो. दुर्मीळ ट्रक दुसऱ्या खेपेला.

भरपूर बनलेल्यांत पहिलं नाव अमेरिकन जीएमसी सीसीकेडब्ल्यूचं. १९४१ ते १९४५ या काळात साडेपाच लाखांहून जास्त बनले. अडीच टनी, सहाही चाकांना जोर, २७० घनइंचाचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. १९४४ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीतून पुढे सरकलेल्या सैन्याला इंधन आणि दारूगोळा पोचवणारी ‘रेड बॉल एक्सप्रेस’ २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर चालली ती मुख्यतः याच ट्रकांवर, आणि तिचे बहुसंख्य चालक आफ्रिकन-अमेरिकन होते. युद्धानंतर हे ट्रक अनेक देशांच्या सैन्यांत वर्षानुवर्षं राबले, त्यामुळे पार्ट अजून सापडतात. एक काळजी घ्या. यात दोन जातींचे ॲक्सल येतात, टिमकेनचे मधोमध जोडलेले ‘स्प्लिट’ आणि गोल पोटाचे ‘बँजो’. एकाचे आतले भाग दुसऱ्याला चालत नाहीत. पार्ट मागवण्याआधी ट्रकखाली वाकून बघा.

जागा कमी असेल तर डॉजचा पाऊण टनी डब्ल्यूसी-५१ किंवा ५२. दोन्ही जवळपास एकच, ५२ला पुढे विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढायचं दोराचं यंत्र. २३० घनइंचाचं साइड व्हॉल्व्ह इंजिन इतकं साधं आहे की पहिलं ओव्हरहॉल शिकायला याहून बरं इंजिन नाही.

डिझेलवर चालणारा आणि आजच्या रहदारीत निदान तग धरणारा हवा असेल तर अमेरिकन सैन्याचा युद्धानंतरचा एम३५ए२. याचं ७.८ लिटरचं इंजिन मल्टिफ्युएल जातीचं आहे, म्हणजे डिझेल, रॉकेल, जेटचं इंधन असं बरंच काही पचवतं. पचवतं म्हणून रोज वाटेल ते पाजायचं नसतं, हे मात्र काही मालकांना पटत नाही.

जर्मन युनिमॉग ४०४ चढावर आणि खडकांत जादू करतो, पण त्याचे पोर्टल ॲक्सल (चाकाशेजारी वेगळे गिअर असलेले, उंच उचललेले) उघडणं नवशिक्याचं काम नव्हे. स्टुडबेकर यूएस६ जवळपास दोन लाख बनले, पण त्यातले बहुसंख्य लेंड-लीज या अमेरिकेच्या युद्धकालीन मदत योजनेतून सोव्हिएत संघाकडे गेले, म्हणून पार्टही त्याच भागात जास्त सापडतात. कॅनेडियन मिलिटरी पॅटर्नचे ट्रक दिसायला सारखे असतात. नाकाड बसकं, तोंड बुलडॉगसारखं. पण फोर्डने बनवलेल्यात व्ही-८ इंजिन, शेवर्लेने बनवलेल्यात सरळ सहा सिलिंडरचं. नुसत्या केबिनवरून पार्ट मागवले की पंचाईत.

ट्रक बघायला गेल्यावर काय बघू?

आधी पूर्णपणा बघा, मग गंज, मग इंजिन, आणि रंग बघूच नका. नवा चकचकीत रंग मारलेला ट्रक विकायला असेल तर मला उलट शंका येते.

पूर्णपणा म्हणजे छोट्या वस्तू: दिव्यांच्या जाळ्या, डॅशबोर्डवरच्या माहितीच्या पट्ट्या, ताडपत्रीच्या कमानी, हत्यारपेटी, टाकीचं झाकण, काचेची चौकट. इंजिन कुठून तरी मिळतं. विशिष्ट आकाराची दिव्याची कडी शोधता शोधता दोन उन्हाळे जातात.

गंज बघताना केबिनचा पत्रा फार मनावर घेऊ नका, तो बदलता येतो. चेसिस बघा. जिथे दोन जाड पट्ट्या एकावर एक रिव्हेट मारून जोडल्या आहेत तिथे मधे पाणी शिरून गंज फुगतो आणि पट्ट्या एकमेकींपासून दूर ढकलल्या जातात. स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरजवळ हातोडीने हळूच ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद आवाज आला तर भाव पाडा किंवा परत फिरा.

इंजिन नंबर आणि चेसिस नंबर जुळत नाहीत म्हणून निराश होऊ नका. लष्करी कार्यशाळांत ट्रक डझनांनी उघडून पुन्हा बांधले जात आणि जे इंजिन हाताशी आलं ते बसे. कार्यशाळेतून एकदा जाऊन आलेल्या ट्रकमध्ये नंबर जुळले तरच नवल.

जागा किती लागते? हत्यारं कोणती?

लांब चेसिसचा सीसीकेडब्ल्यू ६.८ मीटरच्या आसपास लांब आणि सव्वादोन मीटर रुंद आहे. उघडल्यावर तो याच्या दुप्पट-तिप्पट जागा खातो. छप्पर हवं, आणि जमीन काँक्रीटची हवी. मातीवर जॅक लावायचा नाही.

हत्यारांत पाऊण इंची ड्राइव्हचे सॉकेट आणि लांब दांडा, ट्रकच्या वजनाला झेपतील असे स्टँड, दोन टनी इंजिन क्रेन, टॉर्क पाना, हबच्या नटाचा खास मोठा सॉकेट. बाकीची हत्यारं गरज पडेल तशी जमतात.

स्टँडबद्दल एक गोष्ट. बऱ्याच लष्करी ट्रकांचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या ड्रमवर असून प्रॉपेलर शाफ्ट धरतो. म्हणजे तुम्ही शाफ्ट किंवा हाफ शाफ्ट काढला की हँडब्रेक गेला. इतकंच नाही, शाफ्ट जागेवर असतानाही मागचं एक चाक उचललं तर डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरांमुळे) ते मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं चाकही अडत नाही. ट्रक चालू लागतो. म्हणून हँडब्रेक ओढलेला असो वा नसो, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय खाली शिरायचं नाही.

पुस्तकं आणि पार्ट नंबर यांचा गोंधळ कसा सोडवायचा?

अमेरिकन ट्रकांचं काम यात सोपं आहे, कारण सगळं छापलेलं आहे. या पुस्तकांना टीएम (टेक्निकल मॅन्युअल) म्हणतात: जीएमसी सीसीकेडब्ल्यूसाठी टीएम ९-८०१, डॉज पाऊण टनीसाठी टीएम ९-८०८, एम३५ कुटुंबासाठी टीएम ९-२३२०-२०९ ही मालिका. युद्धकालीन पार्टची यादी जी-नंबरने ओळखतात: जीएमसी म्हणजे जी-५०८, डॉज म्हणजे जी-५०२. नंतरच्या पुस्तकांच्या नंबरमागे शेपूट असतं. १० असेल तर चालकासाठी, २० असेल तर तुकडीच्या मेकॅनिकसाठी, ३४ म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी, आणि ‘पी’ अक्षर असेल तर पार्टची यादी. चालकाचं पुस्तक आधी वाचा. लोक थेट मोठ्या दुरुस्तीच्या पुस्तकाकडे पळतात आणि ग्रीस कुठे कुठे मारायचं ते त्यांना ठाऊकच नसतं.

पार्टच्या डब्यावर तेरा अंकी नंबर दिसला तर तो नाटो स्टॉक नंबर. पहिले चार अंक वस्तूचा वर्ग सांगतात. २५३० म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, ॲक्सल, चाकं. पुढचे दोन देश सांगतात: अमेरिकेचे ०० किंवा ०१, जर्मनीचे १२, फ्रान्सचे १४, कॅनडाचे २१, ब्रिटनचे ९९. अकरा अंकीच असेल तर डबा १९७४ पूर्वीच्या पद्धतीचा आहे. अमेरिकन नंबर असेल तर पहिल्या चारांनंतर ०० घालून शोधा, बहुतेक वेळा सापडतो.

मेणकापडात गुंडाळलेला, घट्ट ग्रीसमध्ये बुडवलेला जुना न वापरलेला पार्ट मिळाला की आनंद होतो, आणि व्हावाच. बेअरिंग, गिअर, शाफ्ट असेल तर तो सोन्यासारखा. पण त्यात रबर असेल तर रबर मेलेलं आहे असं धरून चाला. व्हील सिलिंडरचं (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या सिलिंडरचं) लोखंडी शरीर वापरा, आतले रबरी कप नवे घाला.

सुरुवात कुठून करू? इंजिन आधी चालू करून बघावं असं वाटतं.

सगळ्यांनाच वाटतं. पण ब्रेक आधी. कारण एकदा इंजिन चालू झालं की ‘जरा अंगणात एक फेरी’ मारण्याचा मोह आवरत नाही, आणि जवळपास पाच टनांचा लोखंडी प्राणी ब्रेकविना अंगणात मावत नाही.

या काळातल्या ट्रकांचे ब्रेक एकाच सर्किटचे असतात. सीसीकेडब्ल्यूमध्ये व्हॅक्युमची मदत, एम३५ मध्ये हवेची मदत, पण तेलाचा मार्ग एकच. एका चाकाची नळी फुटली की सगळ्या चाकांचे ब्रेक एकदम जातात. म्हणून नळ्या सगळ्या नव्या, होज सगळे नवे, मास्टर सिलिंडर उघडून साफ, प्रत्येक चाकाचे कप नवे. ‘तीन चाकं ठीक वाटली म्हणून सोडली’ हे मंजूर नाही.

ब्रेक ऑइलबाबत: अमेरिकन सैन्याने १९८०च्या दशकात सिलिकॉनचं डॉट ५ घेतलं (डॉट ही ब्रेक ऑइलची अमेरिकन प्रतवारी). ते पाणी शोषत नाही, म्हणून वर्षातून चारदा चालणाऱ्या ट्रकला सोयीचं. पण ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही. बदलायचं असेल तर सगळी यंत्रणा कोरडी करून नव्या रबरासकट बदला. आणि डॉट ५.१ म्हणजे डॉट ५ची पुढची आवृत्ती नव्हे. ते सिलिकॉनचं नाही.

इंजिन जाम आहे. गेलं का?

बहुतेक वेळा नाही. सगळे प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल किंवा पातळ गिअर ऑइल आणि ॲसिटोन यांचं मिश्रण ओता आणि विसरून जा. मधून मधून आणखी घाला. काही दिवसांनी फ्लायव्हीलच्या दात्यांवरून दांडा लावून पुढे-मागे हलवून बघा. एका दात्याइतकं हललं की काम झालं समजा. तेवढ्याच जागेत मागे-पुढे करत राहा, एकदम पूर्ण फेरा मारायला जाऊ नका. ट्रक गिअरमध्ये टाकून दुसऱ्या वाहनाने ओढणं हा कनेक्टिंग रॉड वाकवण्याचा हमखास उपाय आहे.

फिरायला लागल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. बराच काळ पडून असलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकतात. वरचं किंवा बाजूचं झाकण काढून, हँडलने फिरवत, प्रत्येक व्हॉल्व्ह उघडून परत बसतोय का ते डोळ्यांनी पाहा. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उघडून जुनं तेल आणि गाळ खरवडून काढा. मग नवं तेल, प्लग बाहेर असतानाच स्टार्टरने फिरवून ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत वाट पाहा, आणि त्यानंतरच पेट्रोल.

ब्लॉकच्या बाजूंना बारीक तडे आहेत का तेही बघून ठेवा. थंडीत पाणी गोठून फुटलेले ब्लॉक वरून रंग मारल्यावर दिसत नाहीत, पहिल्यांदा गरम झाल्यावर दिसतात.

चाकांबद्दल सगळे इतकं का घाबरवतात?

कारण या छंदात माणूस मारण्याची सगळ्यात जास्त ताकद चाकात आहे. या उत्तराला वेळ द्या.

जुन्या ट्रकांची बरीच रिम अनेक तुकड्यांची असतात. रिमच्या कडेवर एक लॉक रिंग बसते आणि टायरला धरून ठेवते. आत ५०-६० पौंड हवा असताना त्या रिंगवर काही टनांचा दाब असतो. रिंग गंजलेली, वाकलेली, किंवा खाचेत नीट न बसलेली असेल तर ती गोळीसारखी सुटते.

हात लावण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. जोडचाक असेल तर दोन्हींची. मग व्हॉल्व्हच्या नळीत बारीक तार घालून छिद्र गंजाने बुजलेलं नाही ना ते बघा, कारण बुजलेल्या छिद्रामुळे ‘हवा गेली’ असं वाटतं आणि आत ती असतेच. रिंग आणि खाच तारेच्या ब्रशने उघड्या लोखंडापर्यंत साफ करा. खाचेची कड खाल्लेली असेल तर रिम भंगारात. वेल्डिंग करून वाचवायचं नाही. रिंग दुसऱ्या रिमची आणून बसवायची नाही. दिसायला सारखी असली तरी माप केसभर वेगळं असतं. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात, लांब नळी, चिमटा लावलेला नोझल, आणि माणूस बाजूला, समोर कधीच नाही. थोडी हवा भरून थांबा, रिंग सगळीकडे सारखी बसली का बघा. बसली नसेल तर हवा सोडा आणि पुन्हा सुरुवात करा. हवा असताना हातोडीने ठोकून बसवणारे लोक पाहिले आहेत. त्यांच्या जवळ उभं राहू नका.

युद्धकालीन डॉज आणि जीपवर येणाऱ्या ‘कॉम्बॅट’ रिमचा धोका आणखी फसवा. ही रिम दोन अर्ध्यांची असते आणि ते अर्धे बोल्टांच्या कड्याने जोडलेले असतात. चाक काढायला गेलेला माणूस आतल्या नटांऐवजी हे बाहेरचे नट सोडायला घेतो. हवा भरलेली असते. पुढचं सांगायची गरज नाही. काही जण हे नट वेगळ्या रंगाने रंगवतात, दिसायला मूळचं नसलं तरी मला ते पटतं.

आणखी दोन गोष्टी. अनेक ट्रकांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. स्टडच्या टोकावर ‘एल’ अक्षर शोधा, नाहीतर जोर लावून स्टड मोडाल. आणि टायरच्या नक्षीची खोली बघून त्याचं वय ठरवू नका. २००० नंतरच्या टायरवर चार अंकी तारीख असते, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच अंक असतील तर तो टायर गेल्या शतकातला आहे, नक्षी कितीही शाबूत असो.

ट्रकची वीज-यंत्रणा सहा व्होल्टची आहे. ती बारा करावी का?

माझं मत: नको. ‘सहा व्होल्टमुळे सेल्फ नीट फिरत नाही’ ही तक्रार जवळपास नेहमी बारीक केबल आणि घाण अर्थिंगची असते. तेवढ्याच ताकदीला सहा व्होल्टवर दुप्पट करंट लागतो, म्हणून केबलही जाड लागते. कुणीतरी मधल्या काळात बाराच्या गाडीची केबल टाकलेली असते. जाड केबल, इंजिन आणि चेसिसमधली नवी पट्टी, जोडांवर उघडं लोखंड, आणि स्टार्टर फिरतो.

युद्धानंतरच्या नाटो ट्रकांत २४ व्होल्ट येतात, दोन बारा व्होल्टच्या बॅटऱ्या एकामागे एक जोडून. फोन चार्ज करायला किंवा रेडिओ लावायला एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट ओढू नका. ती एक कायम उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. ब्रिटिश ट्रकांत अनेकदा चेसिसला पॉझिटिव्ह जोडलेलं असतं. बॅटरी लावण्याआधी खात्री करा.

तेल आणि पेट्रोल आजचं चालतं का?

इंजिनाला साधं, चांगलं खनिज तेल चालतं. गिअरबॉक्समध्ये मात्र सांभाळा. आजच्या जीएल-५ (जीएल ही गिअर तेलाची प्रतवारी) तेलातले गंधकयुक्त घटक जुन्या पितळी आणि काशाच्या बुशांना खाऊ शकतात. पुस्तकात साधं गिअर तेल लिहिलं असेल तर जीएल-१ किंवा जीएल-४ शोधा.

ऑक्टेनची काळजी नको, ही इंजिनं कमी दाबाची आहेत आणि आजचं साधं पेट्रोलही त्यांना जास्तच आहे. काळजी इथेनॉलची. ते जुन्या होज, डायफ्राम आणि सील फुगवतं, मऊ करतं. पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि सगळे होज नव्या रबराचे घाला. टाकी आतून गंजली असेल तर ती साफ करणाऱ्याकडे द्या. रिकाम्या टाकीवर वेल्डिंग करू नका. पेट्रोलच्या वाफेला रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त आवडते.

कुठलाच पाना नीट बसत नाही. का?

कारण बहुधा तुम्ही मेट्रिक पाने घेऊन ब्रिटिश ट्रकसमोर उभे आहात. ब्रिटिश ट्रकांवर व्हिटवर्थ आणि बीएसएफ ही जुनी ब्रिटिश मापं, अमेरिकनांवर इंची पाने, जर्मन आणि रशियनांवर मेट्रिक. व्हिटवर्थमध्ये पान्यावरचं माप नटाच्या तोंडाचं नसून बोल्टच्या जाडीचं असतं, म्हणून ते अमेरिकन पान्याशी जुळत नाही. आटे एकसारखे करण्याचा करार अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांच्यात युद्धानंतर, १९४०च्या दशकाच्या अखेरीस झाला, युद्धात एकमेकांचे बोल्ट बसत नाहीत याचा पुरेसा अनुभव घेऊन. नवा बोल्ट बोटांनी तीन-चार फेरे आत गेला नाही तर पाना उचलू नका.

आरोग्याला धोका कशाकशाचा?

ब्रेक लायनिंग, क्लच प्लेट आणि सायलेन्सरच्या पॅकिंगमध्ये ॲसबेस्टॉस असतो असंच धरा. ड्रम उघडल्यावर हवेच्या नळीने फुंकायचं नाही. ओलं करून पुसायचं, योग्य मास्क घालून.

युद्धकालीन मीटरच्या आकड्यांना रेडियमचा रंग असू शकतो. तो आता अंधारात चमकत नाही म्हणून निरुपद्रवी झाला असं नाही. चमक देणारा पदार्थ थकलेला असतो. रेडियम-२२६चं अर्धायुष्य मात्र सुमारे १,६०० वर्षांचं आहे. काच फुटलेलं मीटर उघडू नका, आकडे खरवडू नका.

जुन्या रंगात शिसं आणि क्रोमियम असतं. १९८०च्या दशकापासून अमेरिकन ट्रकांवर रासायनिक हल्ल्याला टिकणारा जो रंग आला त्याची धूळ आणखी वाईट, आणि तसला रंग स्प्रेने मारताना निघणारे आयसोसायनेट फुप्फुसाला कायमचं अपाय करू शकतात. तो घरच्या गॅरेजमध्ये मारायचा नाही. हिरवाच हवा ना, साधा इनॅमल घ्या.

मूळ रंग कोणता होता हे कसं कळणार?

ट्रकलाच विचारा. दरवाजाची बाहेरची बाजू किंवा बॉनेटचा कोपरा निवडा, बारीक ओला पॉलिश पेपर घ्या आणि तळहाताएवढ्या जागेत हळूहळू घासा. वरचा थर जातो, खाली दुसरा हिरवा, त्याखाली कदाचित राखाडी, त्याखाली आणखी एक मळकट हिरवा. कडांना थर एकाभोवती एक असे दिसायला लागतात. जिथे पूर्वी आकडे किंवा दोस्त राष्ट्रांच्या वाहनांवरचा पांढरा तारा असण्याची शक्यता आहे, म्हणजे बॉनेटची बाजू, बंपर, मागचा फळा, तिथे आणखी जपून घासा. अचानक पांढरी कड येते. थांबा, फोटो काढा, कडेकडेने पुढे जा, आणि जुन्या तुकडीचा नंबर एकेक अक्षराने वर येतो. सँडब्लास्टिंगवाल्याकडे ट्रक आधीच दिला असेल तर हे सगळं त्याच्या वाळूत गेलं.

फेडरल स्टँडर्ड ५९५ हा रंगांचा अमेरिकन तक्ता १९५६चा. त्यातला पहिला आकडा चमक सांगतो, १ चकचकीत, २ अर्धवट, ३ निस्तेज. म्हणून २४०८७ आणि ३४०८७ हा एकच हिरवा, चमक वेगळी. महायुद्धातल्या ट्रकला या तक्त्याचा नंबर कुणी ठामपणे सांगत असेल तर तो नंतर जुळवलेला अंदाज आहे. ब्रिटिश ट्रक १९४४ पासून त्यांच्या सैन्याच्या रंगतक्त्यातल्या एससीसी १५ या हिरव्यात, त्याआधी एससीसी २ या तपकिरीत. जर्मन वाहनं फेब्रुवारी १९४३ पर्यंत गडद राखाडी, नंतर पिवळट.

तारे आणि नंबर रंगवताना एकच तुकडी, एकच काळ धरा. नॉर्मंडीचा तारा आणि कोरियाचा बंपर नंबर एकाच ट्रकवर दिसला की जाणकार हसतात, आणि तुम्हाला सांगत नाहीत.

किती नवं करायचं आणि किती जुनं ठेवायचं?

यावर भांडणं होतात. माझी बाजू सांगतो. सुरक्षेचं सगळं नवं. बाकीच्यात जेवढं जगतंय तेवढं जगू द्या. मागच्या हौद्याला गोळीच्या छिद्रावर कुणीतरी घाईत मारलेलं ठिगळ असेल तर ते काढून सपाट पत्रा बसवणं म्हणजे ट्रकला तोंड बंद कर म्हणून सांगणं. कारखान्यातून निघतानाही हे ट्रक गुळगुळीत नव्हते. रंगाचे ओघळ होते, वेल्डिंगचे गोळे होते. लांबी (पुट्टी) भरून आरशासारखा केलेला लष्करी ट्रक मला तरी परका वाटतो.

सीसीकेडब्ल्यूच्या मालकांना एक सवलत इतिहासानेच दिली आहे. पोलाद वाचवण्यासाठी युद्धाच्या मधल्या काळात लाकडी हौदे आणि कापडी छताच्या केबिन आल्या. तुमच्या ट्रकच्या तारखेला ते बसत असेल तर सुतारकाम पत्राकामापेक्षा पुष्कळ सोपं.

चालवायला कसा असतो?

संथ, गरम, मोठ्या आवाजाचा, आणि व्यसन लावणारा. सीसीकेडब्ल्यूचा वेग ताशी ७२ किलोमीटरला बांधलेला, आणि तो एका लिटरला साधारण तीन किलोमीटर देतो. १९१९ मध्ये अमेरिकन सैन्याचा ट्रकांचा ताफा वॉशिंग्टनहून ७ जुलैला निघून ६ सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्कोला पोचला होता, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले तरुण आयझेनहॉवर त्यात निरीक्षक म्हणून होते. २००९ मध्ये मिलिटरी व्हेइकल प्रिझर्व्हेशन असोसिएशनच्या हौशी मालकांनी जुनी लष्करी वाहनं घेऊन त्याच प्रवासाची पुनरावृत्ती केली. म्हणजे घाई नसेल तर अंतर अडत नाही.

गिअर बदलायला डबल क्लच शिकावा लागतो. खालच्या गिअरवर येताना: क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, ॲक्सिलरेटर थोडा दाबून इंजिन वर आणा, क्लच पुन्हा दाबा, गिअर टाका. वेळ जमली की दांडा आपोआप आत ओढला जातो. नाही जमली तर गिअरबॉक्स मोठ्याने सांगतो. उतारावर गिअर सोडून नंतर शोधत बसायचं नाही. चढाच्या माथ्यावरच गिअर निवडून खाली या.

पुढच्या चाकांचा जोर कोरड्या पक्क्या रस्त्यावर लावू नका. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये डिफरन्शियल नसल्याने वळणावर सगळी यंत्रणा पिळली जाते आणि मग ट्रान्सफर केसचा दांडा निघता निघत नाही. असं झालंच तर थोडं सरळ मागे घ्या, पीळ सुटतो.

कागदपत्रं आणि बंदुकीचे स्टँड?

देशागणिक नियम वेगळे, म्हणून ट्रक विकत घेण्याआधी स्थानिक वाहन नोंदणी कार्यालयात वजन, परवान्याचा वर्ग आणि ऐतिहासिक वाहनाची नोंदणी या तिन्ही गोष्टी विचारा. नुसतं ‘जुनी गाडी आहे’ म्हणून विचारू नका, एकूण वजन सांगा; बहुतेक अडचण तिथेच येते. शस्त्रांचे माउंट आणि नकली बंदुका यांवर काही ठिकाणी कडक बंधनं आहेत. मिळालेली उत्तरं लेखी घ्या.

ट्रक बराच काळ उभा ठेवायचा असेल तर?

कार्बोरेटर रिकामा करा, टाकी पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी करा, बॅटरी काढून घरात ठेवा. कूलंटमध्ये गोठणविरोधी मिश्रण तपासा. ॲक्सल स्टँडवर घेऊन टायरवरचं वजन काढा. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटू नये म्हणून पेडल लाकडी ठोकळ्याने दाबून ठेवतात. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला, नाहीतर उंदीर घर करतात, आणि त्या बोळ्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा. ‘दर महिन्याला पाच मिनिटं चालू करतो’ हा प्रकार बंद करा. इंजिन पूर्ण गरम न होता बंद केलं की आत पाणी साठतं. चालवायचा तर अर्धा तास रस्त्यावर चालवा, नाहीतर शांतपणे उभा राहू द्या.